केस माझे, मान तिचा

हिरा गेली. आज सकाळी.

कोण हिरा, म्हणून विचारू नका. तिच्या हातचे घावणे हादडताना नाव बरोबर आठवायचं तुम्हाला. आता फ्लॅट झाले, गाड्या झाल्या, मेमरी फुल झाली.

माझी धाकटी जाऊ. कोपरीच्या घरात एका चुलीवर आम्ही दोघींनी उभा जन्म काढला.

मी बोलतेय, नात घरच्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. हिरा चौथी शिकलेली. तिथूनच सुरुवात आहे सगळी.

खरं सांगू? मी तिच्यावर जळायचे.
आज तर जास्तच जळतेय.

आत बायका तिला हिरवं लुगडं नेसवतायत, मळवट भरतायत, आणि म्हणतायत, "भाग्याची गं बाई, सवाष्ण गेली."

मी विधवा. मला बाहेरच्या खोलीत बसवलंय. मग काय करू, तुमच्याशी बोलते.

आम्ही काशीयात्रेला गेलेलो. हिरा, तिचा नवरा म्हणजे माझे भाऊजी, आणि मी. महिनाभराची टूर. शेवटचा दिवस प्रयागला, संध्याकाळी परतीची गाडी.

सकाळी संगमावर वेणीदान. नवऱ्याने बायकोला मांडीवर बसवून तिची वेणी घालायची, शेंडा कापायचा, संगमात सोडायचा. सवाष्णीचा मान असतो तो.

आता बघा. माझी वेणी तेव्हा कमरेखाली. हिराची म्हणजे उंदराची शेपटी.

केस माझे, मान तिचा.

भाऊजींनी जन्मभर मिठागरावर टोपल्या उचललेल्या. पण तीन पेड हातात आले आणि घाम फुटला.

"वहिनी, कुठला पेड कुठे घ्यायचा?"

मी नावेत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेले. म्हटलं, "डावा मध्ये, मग उजवा मध्ये. आणि आता मला विचारू नका."

म्हणजे त्या वेणीतली अक्कलसुद्धा माझीच.

तिथेच ठरवलं. ठाण्याला उतरलं की चूल वेगळी करायची. दुसरीच्या सुखाला किती दिवस फोडणी देत बसायचं?

दुपारी टूरवाल्याने आम्हाला युनिव्हर्सिटीत सोडलं. सावली आहे, बसा म्हणाला. गोऱ्या राणीच्या काळातली इमारत, घुमट काय, कमानी काय. हिरा एकेक पाटी मोठ्याने वाचायला लागली.

"अक्का, इथे गणित शिकवतात. अक्का, इथे कायदा."

"गप्प बसायचं कुठे शिकवतात, ती पाटी बघ."

गप्प झाली. मला वाटलं, लागलं तिला. बरं वाटलं.

हिरवळीवर काही मुली रंगीत कागद कापत बसलेल्या. हिरा उठली, त्यांच्याकडे गेली आणि कात्री मागून घेऊन आली.

"केस सोड."

"कशाला?"

"सोड म्हणते ना."

"हिरे, मी विधवा आहे. आणि लोक बघतायत."

"शिकणारी माणसं आहेत ती. पुस्तकातून मान वर करतायत कुठे?"

माझ्यामागे बसली आणि वेणी घालायला लागली. हात कसला, रहाटच.

"हळू गं मेले!"

"थोरल्यांनी ओढली असती तर गप्प बसली असतीस."

थोरले म्हणजे माझे मालक. त्यांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झालेली.

बसले गप्प.

शेंडा कापून तिने पदराच्या टोकाला बांधला. संध्याकाळी गाडी यमुनेच्या जुन्या लोखंडी पुलावर आली, तशी गाठ सोडून खिडकीबाहेर हात काढला.

"इथून खाली संगमच आहे. पोचेल तुझी वेणी."

निम्मे केस वाऱ्याने परत आत आले आणि भाऊजींच्या मिशीला चिकटले. ते शिंकतायत, आम्ही हसतोय. डबाभर लोक आमच्याकडे बघतायत.

चुलीचं बोलणं मी ठाण्यापर्यंत तोंडात धरून ठेवलेलं. घरात पाऊल टाकलं, तर हिरा हात धुऊन परातीपाशी.

"अक्का, भाकऱ्या किती टाकू?"

म्हटलं, "नेहमीइतक्याच."

तरी जळायचं सोडलं नाही हां. उलट वाढलं. माझ्या जागी ती असती, तर हे मला सुचलं असतं का? नसतं. मग जळू नको तर काय करू?

आणि आता ही धाकटी असून पुढे गेली. रांग मोडून.

हिरे, नीट जा गं. तिकडे थोरले भेटले तर माझ्या चहाड्या सांगत बसू नकोस. माझा पाट तुझ्या पाटाशेजारीच मांडून ठेव.

बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवू नका, मला काय दिसतंय त्यात. आज आमची चूल पेटायची नाही. पिठलं कळव्याहून येतंय, सगळ्यांनी तेच आणू नका. डोंबिवलीवाल्यांनी तांदळाच्या भाकऱ्या पाठवा. भाऊजींना दात नाहीत, सकाळपासून पोटात काही नाही. त्यांना गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण. आणि मला लसणीची चटणी, झणझणीत. डोळ्यांना पाणी आलं तर चटणीवर ढकलता येईल.