पाणी न दाखवलेली गाडी

इंजिनात पाणी नसलं तरी गाडी चालते, हे मी आप्पांना बालवाडीतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे कॉलेजात शिकवून केस पिकले तरी माझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

गाडी मूळची त्यांचीच. डोळे अधू झाले आणि किल्ली माझ्याकडे आली. त्यांच्याकडे काम उरलं एकच: सकाळी मी वारणानगरला कॉलेजात निघायच्या आत बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, कमी असेल तर तांब्यानं घालायचं. पण उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेमागं अडकून इंजिन पुन्हा पुन्हा तापायला लागलं. अजून एकदा उकळलं तर इंजिन भंगारात घाला, असं शिरोलीच्या मेस्त्रीनं स्पष्टच सांगितलं. म्हणून पाण्याऐवजी बिनपाण्याचं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, भरायचं ठरलं. ते सहजासहजी उकळत नाही, आत गंजही धरू देत नाही. अट एकच, पाणी म्हणून आत जाता कामा नये.

जुनं पाणी खाली सोडलं तेव्हा मी हबकलेच. लालभडक गढूळ चिखल नुसता. बोअरच्या पाण्याचा हा प्रताप, असं मेस्त्री म्हणाला. त्या दिवशी आप्पा घरीच होते, त्यांनी तो पाहिला नाही.

आठवड्यानं तपासणीला मात्र ते हौसेनं सोबत आले. मेस्त्रीनं कुलंटचा थेंब पाण्याचं प्रमाण दाखवणाऱ्या एका नळीच्या काचेवर घेतला, नळी उजेडाला धरून पाहिली, काच पुसून पुन्हा पाहिली. म्हणाला, "ताई, ह्यात पाणी हाय."

माझा कानांवर विश्वास बसेना. आणि मग माझं डोकं फिरलं. भेसळीचा माल भरलात, इथपासून सुरुवात करून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा डब्याचं सील दाखवत राहिला. एवढ्यात मागून आप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "मी घातलंय की."

नव्या कुलंटची पातळी सुरुवातीला जरा खाली जाते. टाकीत तेवढी जागा दिसली आणि त्यांनी ती भरून काढली. रोज, मी आंघोळीला गेल्यावर. इकडं मी समजत होते की बॉनेटला कुणाचा हातही लागलेला नाही.

"आप्पा, एवढं समजावून सांगितलं होतं ना तुम्हाला?" माझा आवाज चढला होता.

"सांगितलंतंस की. पर पाणी दाखवल्याबिगर बैल कधी जुपला न्हाई आमी. माझ्या बानंबी न्हाई. तहानलेल्या गाडीतनं लेकीला कशी धाडू?"

मेस्त्री हसला. कोल्हापूरचाच गडी, पोटातलं ओठावर यायला वेळ कितीसा लागणार. आप्पांना म्हणाला, "आण्णा, तुमच्या ह्या पाण्यानंच इंजिन खाल्लंय."

आप्पांचा चेहरा मला बघवेना. राग कुठल्या कुठं गेला. रोज सकाळी ते जे करत आले, त्यानंच गाडी पोखरली होती, हे त्यांना असं चारचौघांत कळलं. मेस्त्रीनं सगळं कुलंट काढून इंजिन पुन्हा साफ केलं, नवं भरलं. घरी आल्यावर आप्पा थोडंच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर आप्पा गाडीपाशी उभे. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. चप्पल न घालताच मी धावले, तांब्या हिसकून घ्यायला.

बॉनेट बंदच होतं. त्यांनीच तांब्या माझ्यापुढं धरला.

"तिला नको म्हनतीस. मग तू तरी पी."

मला तहान नव्हती. मी उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा केला, तेव्हा कुठं त्यांनी फाटक उघडलं.