हिरामावशी बेशुद्ध असताना

"तुम्ही बेशुद्ध आहात. कितीही आरडाओरडा झाला तरी मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. सगळं अगदी खऱ्यासारखं होणार आहे."

"नाय उघडत, सायेब," असं म्हणून हिरामावशी टेबलावर आडव्या झाल्या. त्या मुरबाडच्या आमच्या रुग्णालयात आया होत्या. त्या दिवसापुरत्या बाळंतीण.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मेडिकल कॉलेजचे इंटर्न आमच्याकडे शिकायला यायचे. मी नुकताच टीम ट्रेनिंगचं वर्कशॉप करून आलो होतो आणि नव्या जावयासारखा फुगलो होतो. टीम ट्रेनिंग म्हणजे इमर्जन्सीची रंगीत तालीम. मुख्य नियम एकच: ज्याला ऑर्डर दिली, त्याने ती मोठ्याने परत म्हणायची. म्हणजे ऐकल्याचं कळतं. कॉलेजात असतो तसा रबरी पुतळा आमच्याकडे नव्हता, म्हणून मावशी.

तालीम सुरू होणार, तेवढ्यात वैशाखऱ्याहून जीप आली. घरी बाळंत झालेली सून, पांढरीफटक, रक्त थांबेना. सोबत सासू. सुनेला शेजारच्या टेबलावर घेतलं. सिस्टर पोट चोळू लागल्या, सलाईन लागलं. आता गर्भाशय आकसायचं इंजेक्शन हवं होतं. ते फ्रिजमध्ये. आणि फ्रिजला कुलूप, कारण स्टाफ त्यात ओले बोंबील ठेवायचा.

"किल्ली आणा!" मी ओरडलो.

"किल्ली आणतो, सर!" पहिला इंटर्न खणखणीत म्हणाला.

"किल्ली कुठाय?"

"किल्ली कुठाय, सर!" दुसरा.

एवढ्या धावपळीतही मी मनातल्या मनात त्यांना मार्क दिले.

ड्रॉवर उपसले, खिसे चाचपले. किल्ली नाही. सुनेचे डोळे मिटू लागले. मी कुलूप फोडायला स्टूल उचललं.

इतका वेळ कोपऱ्यात उभी असलेली सासू पुढे आली. "डाक्टर, ही दुसरी बाई मेली का?"

"नाही हो, त्या नुसत्या झोपल्यात!"

"मंग तिच्या कमरंला लटकलीय ती किल्ली कसली?"

"मावशी!"

मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "उठू का, सायेब?"

इंजेक्शन गेलं. रक्त थांबलं. संध्याकाळी सून चहा मागत होती.

"अहो, बोलायचं ना!" मी मावशींना म्हटलं.

"तुमीच बोल्लात, खऱ्यासारखं होनार म्हनून. मला वाटलं, काय झ्याक करतायत पोरं!"

किल्ली दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खिळ्यावर गेली. तालमीत एक नियम वाढला: ज्याला दिसेल त्याने बोलायचं, मग तो पेशंटचा नातेवाईक का असेना. आणि बेशुद्ध पडायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. मी आडवा झालो की कुणाचंच काही अडत नाही.