मऊ टायर आणि उस्तादांचा खांदा

मी मोटार शिकलो ती भरीव रबराच्या चाकांवर. सोलापूर-बार्शी रस्त्यावर उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर मी पाच वर्षं काढली. त्या चाकांत हवा नव्हतीच, नुसतं रबर. खडीवरून दिवसभर आदळून घरी आलो की जेवताना भाकरीचा तुकडासुद्धा हातात थरथरायचा. बायको हसून विचारायची, "मोटार थांबली न्हाय का अजून?"

म्हणून तिशीला आलो तेव्हा एका गिरणीमालकांच्या घरी दुसरा ड्रायव्हर हवा आहे असं कळलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभा राहिलो. त्यांची मोटार विलायतेहून आलेली होती. सात माणसं ऐसपैस बसतील एवढी, चहूबाजूंनी बंद, पुढच्या-मागच्या बैठकीमध्ये सरकती काच. पहिले ड्रायव्हर होते ते पन्नाशी उलटलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. मोटारीचा दरवाजा ते असा लावायचे की आवाज येऊ नये. मला त्यांनी पहिल्या दिवशी मोटार चालवू दिलीच नाही. चारी टायर हाताने चाचपायला लावले.

"आँखाँ मीच को बोल, कौनसा गरम है?"

मी डोळे मिटून सांगितलं, डावीकडचा मागचा. ते हसले आणि मग आमचं जमलं.

त्या मोटारीला तेव्हा अरुंद, टणक टायर होते. साठ-साठ पाउंड हवा भरावी लागायची. पंप मारून छाती भरून यायची. त्यात सोलापूरचा उन्हाळा. वैशाखात भर दुपारी टायर फुटला की बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा. एकदा शुक्रवार पेठेत असा फुटला तेव्हा दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले आणि कुणाची तरी म्हैस दोरी तोडून पळाली. तेव्हापासून आम्ही मोटार उभी केली की चाकांवर ओली पोती टाकायचो. पण टायर कितीही छळोत, उस्तादांना तेच आवडायचे. एका बोटाने मोटार वळवायचे ते.

त्या मोटारीत एक माणूस मात्र कधी बसत नसे. मालकांच्या आई. आम्ही त्यांना आईसाब म्हणायचो. काही वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्यांची पाठ कायमची दुखावली होती. टणक टायरांवर एकेक खडा त्यांच्या मणक्याला लागायचा. एकदा त्यांना वेशीपर्यंत नेलं, तर परत येताना त्या ओठ दाबून बसल्या होत्या आणि उतरल्यावर दोन दिवस अंथरुणात होत्या. त्यांची धाकटी बहीण करमाळ्याला दिलेली. तिला अर्धांग झालेलं, ती येऊ शकत नव्हती. यांनी आगगाडीने जावं तर जेऊर स्टेशनापासून पुढे बैलगाडी. चार वर्षं दोघी बहिणींची गाठ नव्हती.

एक दिवस मालकांनी मुंबईहून नवी चाकं आणि नवे टायर मागवले. रुंद, गुबगुबीत, निम्म्या हवेवर चालणारे. त्यांना फुग्याचे टायर म्हणायचे. आम्ही ते चढवले आणि मी मोटार आवारात फिरवली. मला वाटलं, मी गादीवर बसलोय. भरीव चाकांवर पाच वर्षं घालवलेल्या माणसाला ते सुख काय वाटलं असेल!

उस्तादांनी मात्र एक फेरी मारली, खाली उतरले आणि तोंड फिरवून म्हणाले, "ये टायर नक्को, भाई. टायर नईं, तकिया है."

मी म्हटलं, "उस्ताद, आईसाबांना करमाळ्याला न्हेता येईल की."

ते हात पुसत आत निघून गेले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वेग वाढला की पुढची चाकं थरथरायची. काटाही चटकन शिरायचा. पण मला त्यांचा रागच आला. म्हाताऱ्या माणसाला नवं काही बघवत नाही, असं मी घरी बायकोला बोललोही.

पंधरा दिवसांनी करमाळ्याचं ठरलं. आईसाबांना मागे गादीवर, पाठीशी उशा लावून बसवलं. शेजारी त्यांची सून. पुढे उस्ताद स्टेअरिंगवर आणि मी बाजूला. थंडीचे दिवस, पहाटे निघालो. मोहोळ मागे पडलं तरी मागून एक हुंदका नाही, कण्हणं नाही. मी वळून बघितलं तर आईसाब काचेतून ज्वारीची रानं बघत होत्या, लहान पोरीसारख्या.

"लई दिसांनी रान बघितलं," त्या म्हणाल्या.

टेंभुर्णीच्या अलीकडे रस्त्याला वळणं लागली. तिथे मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. एवढ्या थंडीत उस्तादांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. वळण आलं की ते अंग पुढे घालून, छातीच्या जोरावर स्टेअरिंग फिरवत होते. उजवा हात नुसताच त्यावर ठेवलेला. एका वळणावर समोरून बैलगाडी आली, त्यांनी घाईने स्टेअरिंग ओढलं आणि त्यांच्या तोंडातून "या अल्ला" निघालं. मोटार कडेच्या मातीत जाऊन थांबली.

मागे सून घाबरली. आईसाबांनी विचारलं, "काय झालं?"

"कुछ नईं माँजी, काँटा लगा दिसता," उस्ताद म्हणाले.

आणि खरंच लागला होता. कुणी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढून नेल्या होत्या, त्यांचे काटे कडेला सांडलेले. पुढचं डावं चाक बसलं होतं. मी खाली उतरून जॅक लावला. उस्ताद जादा चाक उचलायला आले आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंतही वर जाईना. मी बघितलं, हे त्यांनाही कळलं. आम्ही दोघं मोटारीच्या पुढे, मागच्या माणसांच्या नजरेआड बसलो होतो.

"कदीपासून?" मी विचारलं.

"साल हुआ. पुराने टायराँ में चल जाता था. ये नरम टायर गाडी कू भारी करते." ते खालच्या आवाजात बोलत होते. "साहब कू मालूम पड्या तो मेरेकू घर बिठाते. घर बैठ को मैं क्या करूँ?"

पंधरा दिवस मी मनातल्या मनात त्यांना हट्टी म्हातारा म्हणत होतो. रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतो, तेवढी मोटार वळवायला जड जाते, हे माझ्या धडधाकट खांद्याला जाणवलंच नव्हतं. जे टायर आईसाबांची पाठ सांभाळत होते तेच या माणसाचा खांदा पिळून काढत होते.

"आता मी घेतो," मी म्हटलं. "कुणाला काय सांगायचं न्हाय."

जादा चाक चढवलं, पण त्यात हवा कमी होती म्हणून मी पंप मारला. मनात त्यांचा खांदाच घोळत होता, किती मारतोय याचं भानच राहिलं नाही. हवा मोजायची नळी लावून बघितलं तर दहा पाउंड जास्त. मी काढायला लागलो तर उस्तादांनी माझा हात धरला. ते त्या फुगलेल्या टायरकडे बघत राहिले.

"ठैर. पीछे कौन बैठता?"

"आईसाब."

"और आगे?"

"आपुन."

"तो आगे के दोनों कड़क कर. पीछे के नरम रख."

मी पुढच्या दुसऱ्या चाकातही तेवढीच हवा भरली. करून बघायला उस्तादच परत स्टेअरिंगवर बसले. पहिल्याच वळणावर मोटार एकदम हलकी वळली असं नाही म्हणणार मी, पण त्यांची छाती पुढे गेली नाही. दोन हातांनी वळली. पुढची चाकंही थरथरेनात. ते माझ्याकडे बघून हसले. पुढच्या बैठकीवर आम्हाला मात्र खडा न् खडा लागत होता. टेंभुर्णीतून बाहेर पडल्यावर उस्तादांनी आपण होऊन मोटार थांबवली आणि स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. सून कारण विचारणार, त्याआधीच आईसाब म्हणाल्या, "दोघंबी शिकल्याली मान्सं हायती. आलटून पालटून चालवू द्या की."

करमाळ्यात बहिणीच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा आईसाब कुणाच्या आधाराशिवाय उतरल्या. ओसरीवर खाटेवर त्यांची बहीण. दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या हाताला धरून नुसत्याच बसल्या. मग बहिणीने हट्ट धरला, मलाही मोटारीत बसायचंय. तिच्या मुलांनी तिला अलगद उचलून आणलं. उस्तादांनी मागच्या टायरांतली आणखी थोडी हवा सोडली, आणि मोटार चालत्या माणसाच्या वेगाने गावाबाहेरच्या रस्त्याने नेली. काच सरकवलेली होती म्हणून मागचं बोलणं ऐकू येत होतं.

"आक्का, हालतंय का गं?"

"न्हाय गं. पाळण्यात बसल्यावानी वाटतंय."

मग दोघी हसत सुटल्या. कशाला हसत होत्या कोण जाणे. उस्ताद समोर बघत मोटार हाकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

परत आल्यावर आईसाबांनी मालकांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण त्यानंतर लांबच्या फेरीला आम्ही दोघंही जायचं, असा घरचा नियमच झाला. सरळ रस्ता उस्तादांचा, वळणं आणि बाजारपेठा माझ्या. आईसाब वर्षातून तीन-चार वेळा बहिणीला भेटल्या. बहीण गेली तेव्हाही आम्हीच त्यांना वेळेवर पोहोचवलं. पुढे तीन वर्षांनी उस्तादांनी स्वतःहून काम सोडलं. मालकांनी थांबा म्हटलं तरी ते थांबले नाहीत.

मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचो. एकदा ते नमाजाला गेले होते आणि त्यांच्या बायकोने चहा दिला. बोलता बोलता ती म्हणाली, करमाळ्याच्या आधीचं वर्षभर रोज सकाळी मीच त्यांना कोट घालून द्यायची, उजवी बाही आधी. बाहेर कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मग करमाळ्याहून आले त्या दिवशी जेवायला बसताच म्हणाले, "आज मेरे साथवाले कू मालूम हो गया." मी घाबरले, म्हटलं आता काय होणार?

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"कुछ नईं बोले, भाई," ती म्हणाली. "पेट भर को खाना खाए, और सो गए."