मोठे रिपोर्ट कुठे जायचे

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी तुमच्यावरच चिडले, "बोला ना मोठ्याने!" तुम्ही बोलतच होतात. फोन ठेवल्यावर मला कसंतरी झालं. असाच मी एकदा एका माणसाला दोष दिला होता, आणि ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पण ही गोष्ट मराठीत घडली, म्हणून मराठीतच लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

नगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. जुन्या इमारतीतल्या लॅबमध्ये मशीनं जोडणारं जाळं टोकन रिंग पद्धतीचं होतं. त्यात सगळी मशीनं एका कड्यात जोडलेली असतात आणि त्या कड्यातून एक खूण फिरत राहते. ती ज्याच्या हातात येईल त्यानेच बोलायचं. नव्या इमारतीतल्या वॉर्डात इथरनेट होतं. तिथे रस्ता मोकळा दिसला की कोणीही बोलावं. या दोन वेगळ्या रीतींच्या मधे मी राउटर, म्हणजे एका जाळ्यातला निरोप दुसऱ्यात नेणारा डबा, बसवला आणि त्यावर पूल बांधला. दोन्हीकडची मशीनं एकमेकांचे पत्ते उलट क्रमाने वाचत. ते सुलट करायला मला आठवडा लागला. पूल चालू झाला त्या दिवशी मी पेढे वाटले.

लॅबमध्ये दोन तंत्रज्ञ होते. एक तरुण, झटपट काम करणारा. दुसरे काष्टी गावचे, पन्नाशीचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. थोड्याच दिवसांत वॉर्डातून तक्रार आली, की चाचांचे रिपोर्ट येत नाहीत. सगळे नाही, त्यातले काही. चाचा मला पडदा दाखवत. तिथे 'गेला' असं स्पष्ट लिहिलेलं असे. वॉर्डात मात्र काही नाही.

वॉर्डातली सिस्टर हसून म्हणायची, "चाचांचा रिपोर्ट म्हणजे सासरहून निघालेला जावई. निघाला म्हणतात, पोचत काही नाही!"

मी लॅबमध्ये जाऊन स्वतः तपासलं. 'टेस्ट' असा शब्द टाइप करून पाठवला. वॉर्डातून लगेच फोन आला, "आला, मॅडम." दहा वेळा पाठवला, दहाही वेळा आला. तरुण तंत्रज्ञाचेही सगळे पोचत होते.

"लाईन ठीक आहे, चाचा," मी म्हटलं. "त्याचे जातात, तुमचेच कसे अडतात? पाठवायचं राहून जातंय का? खरं सांगा."

"मॅडम, मी पाठवला हाय. मशीन बी म्हनतंय गेला."

"मशीन खोटं बोलत नाही, चाचा."

"मंग मी बोलतोय व्हय?" ते इतकंच म्हणाले.

मग एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टअभावी दोन दिवस लांबलं. डॉक्टर भडकले. व्यवस्थापकांनी मला लेखी विचारलं, दोष लाईनचा की माणसाचा? चाचांची नोकरी माझ्या उत्तरावर अवलंबून होती, हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं, 'लाईन तपासली. दोष आढळला नाही.' खाली सही केली. चाचांना लॅबमधून काढून औषधांच्या स्टोअरला टाकलं. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला माणूस खोकी उचलायला लागला. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. इकडे रिपोर्ट नीट पोचू लागले. सगळे म्हणाले, बघा, माणसाचाच दोष होता. मलाही बरं वाटलं.

पुढे एका डॉक्टरांना एक जुना रिपोर्ट हवा होता. तरुण तंत्रज्ञ रजेवर होता. चाचांच्या वहीत तो शाईने लिहिलेला होता. मी स्वतः बसून तो टाइप केला. चाचा नुसतं 'नॉर्मल' लिहून सोडत नसत. पेशंटचं पूर्ण नाव, गाव, पेशी कशा दिसल्या, कुठे शंका आहे, पुन्हा कधी तपासावं, सगळं लिहीत. दोन पानं भरली. मी पाठवला. पडद्यावर 'गेला' आलं. मी वॉर्डात फोन केला.

"नाही आला, मॅडम."

"अहो, मी पाठवलाय!"

हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि त्या भर दुपारी लॅबमध्ये मला चाचांचा आवाज ऐकू आला. मी वळून बघितलं. स्टूल रिकामं होतं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. चार ओळी पाठवल्या, पोचल्या. एक पान पाठवलं, पोचलं. दीड पान पाठवलं, नाहीसं झालं. राउटरचा पडदा उघडला. मशीन प्रत्येक निरोप गठ्ठा बांधून पाठवतं. टाकून दिलेल्या गठ्ठ्यांचा आकडा तिथे होता आणि मी पाठवीन तसा एकेकाने वाढत होता. टोकन रिंगमध्ये मोठा गठ्ठा एका दमात जातो. इथरनेटचं दार त्याहून अरुंद, जेमतेम पंधराशे अक्षरांचं. पुलाला गठ्ठा फोडून दोन करता येत नव्हता. मावला नाही तर तो टाकून देई आणि कोणालाच कळवत नसे. जो थोडक्यात उरकायचा त्याचं सगळं पोचलं. जो मन लावून लिहायचा त्याचं हरवलं. आणि मी तपासलं ते एका शब्दाने.

लॅबच्या मशीनना गठ्ठा लहान बांधायला सांगितलं. एवढंच काम, अर्ध्या तासाचं.

मी व्यवस्थापकांना पत्र लिहिलं, की दोष लाईनचा होता, माझ्या तपासणीचा होता, चाचांचा नव्हता. ते म्हणाले, "झालं ते झालं, मॅडम. आता चालतंय ना?" मी त्या पत्रावर पोच घेतली आणि एक प्रत घेऊन एसटीने काष्टीला गेले. बाजाराचा दिवस होता. चाचा भावाच्या पिठाच्या गिरणीत होते, भुवयांवर पीठ बसलेलं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी गिरणी बंद करून सगळं ऐकलं.

"चाचा, माझं चुकलं. हे ठेवा तुमच्याकडे. परत यायचं असेल तर मी भांडेन."

"न्हाई, मॅडम. तुमच्याकडंच असू द्या." ते चिडलेले नव्हते, तेच मला सोसेना. "मी पाठवला हुता हे मला ठाव हुतं. कागद तुमाला पायजेल."

त्यांनी गिरणी पुन्हा सुरू केली. त्या आवाजात बोलता येत नव्हतं. मी उठले.

ती टोकन रिंग काढून टाकून वर्षं झाली. राउटर भंगारात गेला. चाचाही आता नाहीत. अजून कधी कधी कोणी "पाठवलंय" म्हटलं की माझा हात थांबतो. पत्राची प्रत माझ्या सावेडीच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात आहे. पोचेचा शिक्का पुसट झालाय, पण वाचता येतो.