लेकीच्या ढावल्याचा जवाब

आमच्या तांड्यात पोरीला रडायला शिकवतात. हसू नका. लग्न ठरलं की दुपारच्या निवांत वेळी पोरीला मधे बसवायचं, गळ्यात गळा घालायचा आणि सुरात कसं रडायचं ते तिच्याकडून करून घ्यायचं. ह्याला आम्ही ढावलो म्हणतो. पाठवणीच्या वेळी नवरी एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, आणि जिच्या गळ्यात पडली तिनं तसाच सुरात जवाब द्यायचा. चाल ठरलेली असते, शब्द ज्याचे त्यानं तिथल्या तिथं जोडायचे. नवरी त्यात काहीही बोलू शकते. बापानं शाळा सोडायला लावली, भावजयीनं ताटावर टोमणे मारले, सगळं. त्या वेळी तिला कुणी आडवत नाही, आणि नंतर त्यावरून कुणी भांडण काढत नाही.

औंढ्याच्या अलीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. मी तिथं अंगणवाडी सेविका. सकाळी लेकरांना बडबडगीतं शिकवायची आणि दुपारी त्यांच्या थोरल्या बहिणींना रडणं, अशी माझी दुहेरी नोकरी. रडणं मला माझ्या आईनं शिकवलं. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. बोली वेगळी असली तरी इथं मी मराठीतच सांगते, जशी बसेल तशी.

शिकवायला मी कडक. "अगं, रडून राहिली का शेरडं हाकून राहिली?" असं म्हटलं की पोरी रडायचं सोडून खिदळायच्या. मग मी सांगायची, दुसरीचे शब्द घेऊ नको. तुझ्या घरात काय हाये ते बघ. तुझ्या बापाचा खोकला बघ, दारातली मोडकी बाज बघ. त्याला धरून सूर लाव, पुढचं येतं. आणि यायचं हो. एक शब्द ओठावर ठेवला की दुसरा छातीतून वर यायचा, आणि तो कुठून आला ते माझं मलाच कळायचं नाही. मयतीलाही तसंच. तिथं सूर वेगळा, काम तेच. आजूबाजूच्या तांड्यांतून मला बोलावणं यायचं. "ही आली की मन मोकळं होतं," असं बाया म्हणायच्या. मला ह्याचा लई गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ते छातीतून येणं बंद कधी पडलं, सांगता येत नाही. एवढं आठवतं की शिरड शहापूरकडच्या एका मयतीला मी एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात पडून रडत होते, बाया हुंदके देत होत्या, आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की पोषण आहाराची माहिती मोबाइलमध्ये भरायची राहिली. डोळ्यातून पाणी चालू, तोंडातून शब्द चालू, आणि मी मनातल्या मनात लेकरांची हजेरी लावून राहिले. घरी येताना वाटलं, थकले असेन.

मग अंगणवाडीत एक पोरगी पायरीवरून पडली. भुवईपाशी फुटलं. ती माझी लई लाडकी, रोज माझ्याच मांडीवर बसणारी. मी जखम धुतली, हळद लावली, तिच्या आईला बोलावलं, सगळं बराबर केलं. पण आत काही हललं नाही. आधी लेकराला खरचटलं तरी माझा जीव गोळा व्हायचा. त्या दिवशी मी पोरीकडं बघत होते आणि विचार करत होते, आता मला काहीतरी वाटायला पाहिजे.

त्याच साली हळद शिजवायच्या दिवसांत माझी याडी गेली. शेताकडं कढयांखाली जाळ पेटलेला, वाफ उठलेली, आणि निरोप आला. मी गेले. तिच्या पायाशी बसले आणि रडले. काय रडले म्हणून सांगू! तिच्या हातावरचं गोंदण, तिनं मला पाठीशी बांधून केलेली मजुरी, तिची तंबाखूची चंची, एकेक गोष्ट सुरात आणली. गडीमाणसं पण तोंड फिरवून डोळे पुसून राहिली होती. माझ्या नणंदेनं मोबाइलवर ते सगळं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्टेटसला लावलं. खाली चार ओळी लिहिल्या की अशी लेक सगळ्यांना मिळो. नणंद आमच्याच तांड्यात राहते, मनानं चांगली, तोंडानं फटकळ.

आणि आत? आत काही नव्हतं. माझी याडी मेली होती, जिनं मला रडणं शिकवलं ती. मी तिला तिचाच हुन्नर करून दाखवला आणि घरी येऊन भाकरी खाल्ली. भूक लागली होती म्हणून नाही, ताट समोर आलं म्हणून. मला त्याची लाज वाटायला हवी होती, ती पण वाटली नाही.

नंतरचे महिने मी उठायची, झाडायची, अंगणवाडीत जायची, यायची. झोप पहाटेआधीच तुटायची. कालवणात मीठ आहे का नाही ते सांगता यायचं नाही. दुःख होतं का? नव्हतं हो. दुःख असतं तर मी त्याचं काहीतरी केलं असतं, मला ते काम येतं. नवऱ्याला एकदा म्हणाले, "मला काहीच वाटून नाही राहिलं." तो गरीब माणूस, खाटेवर उठून बसला. "काहून असं बोलतीस? परवा त्या मयतीला किती रडलीस. तुझ्यासारखं मन कुणाचं हाये?" मग मला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला घेऊन गेला. रांगेत उभी राहिले, हात जोडले, बाहेर येऊन केळी खाल्ली. तो सारखा माझ्या तोंडाकडं बघायचा, फरक पडला का म्हणून. मी म्हणाले, पडला. त्याला बरं वाटावं म्हणून.

पकडलं ते लेकीनं. ती नांदेडला नर्सिंग शिकून तिथंच कामाला लागली होती. सुट्टीत घरी आली आणि आत्यानं तिला तो आजीच्या मयतीचा व्हिडिओ दाखवला. ती चुलीपाशी बसून बघत होती. दोनदा बघितला. मग मला म्हणाली, "याडी, ह्यात तू न्हाईस."

मला असा राग आला! म्हणजे राग आला असं मी केलं. भांडं आपटलं. "तुझी आजी मेली आणि तू माझी परीक्षा घेऊन राहिली?" ती मग दोन दिवस माझ्या मागं मागं फिरली. मी किती झोपते, किती जेवते, बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मला हिंगोलीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, मनाच्या डॉक्टरकडं. बापाला सांगितलं, याडीचा बीपी दाखवायचाय.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, जीव नकोसा होतो का विचारलं. मी म्हणाले, नकोसा होत नाही, हवासा पण होत नाही. मग तिनं विचारलं, "ताई, शेवटचं कधी रडलात?"

"परवा," मी म्हणाले. "शेजारच्या तांड्यात मयत होती."

ती लिहू लागली. माझी लेक मधेच म्हणाली, "मॅडम, ते लिहू नका. ते तिचं काम हाये." आणि तिनं सगळं सांगितलं, ढावलो काय असतो, तिची आई कशी सगळ्यांना रडवते. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. "मग स्वतःसाठी शेवटचं कधी रडलात?"

मी आठवून बघितलं. लई आठवून बघितलं. बाहेर नंबर लागलेले, लोक दार ढकलून आत बघून राहिले. मला काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, मन आजारी पडलं की माणूस रडतोच असं नाही. कधी कधी सगळंच बधिर होतं, आणि तोही आजारच असतो, त्याला औषध असतं. गोळ्या दिल्या. गुण यायला आठवडे लागतील, बंद करू नका, परत या. मी विचारलं, "रडणं बंद करू का?" ती म्हणाली, "ते तुम्हीच ठरवा." एवढी शिकलेली बाई, पण हे तिच्या पुस्तकात नसणार.

गोळ्यांनी झोप लागू लागली. मीठ कळू लागलं. बाकीचं आलं नाही, आणि तेवढ्यात लेकीचं लग्न ठरलं. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यातला मुलगा, चांगला शिकलेला, तिच्याच पसंतीचा. आता तिला ढावलो कोण शिकवणार? मीच.

ती रोज दुपारी माझ्यासमोर बसायची. मी सूर सांगायची, ती घ्यायची. एक दिवस मधेच थांबून म्हणाली, "याडी, सगळं शिकव. पण माझ्या पाठवणीला तू रडू नको."

"काहून?"

"आलं तर रड. न्हाई आलं तर गप उभी राहा. ते व्हिडिओतलं माझ्यापुढं करू नको. मी तिकडं गेल्यावर मला तेच दिसत राहील, आन् मला कळणार न्हाई का माझी याडी मला रडली का तिचं काम करून गेली."

मी म्हणाले, "बाई, सगळ्या मुलखाला रडवणारी मी, आन् स्वतःच्या लेकीला कोरडी राहिले तर लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला एकच काळजी. काळजी म्हणजे डोक्यातली. पाठवणीपर्यंत ते येईल का? मी रोज स्वतःला चाचपून बघायची. तिचा लहानपणीचा फ्रॉक काढून बघितला. तिची शाळेची वही बघितली. ती झोपलेली असताना तिच्या तोंडाकडं बघत बसले आणि मनाला सांगितलं, ही जाणार हाये, ही उद्या ह्या खाटेवर नसणार. मन म्हणालं, हो. बोअरची मोटार चालू असते, आवाज येतो, पाइपातून पाणी येत नाही, तसं.

लग्न झालं. दुपारी चारला पाठवणी. मांडवाच्या तोंडाशी गाडी लागली, बायांनी कडं केलं. तिनं आधी आत्याला धरलं, मग शेजारणींना. शेवटी माझ्या गळ्यात पडली आणि सूर लावला. शिकवलेलं सगळं बराबर होतं, आणि शब्द तिचे होते. याडी, तू सगळ्या तांड्याची लेकरं मांडीवर घेतलीस, मी उंबऱ्यात बसून माझ्या पाळीची वाट बघितली. असं म्हणाली आणि थांबली. आता जवाब माझा.

आणि जवाब आला. लगेच आला, तयार, जिभेवर. इतकी चांगली ओळ मला कधी सुचली नव्हती. मी ती म्हणाले असते तर मांडवाचे खांब रडले असते. पण ती घशातून आली होती. तिच्याखाली काही नव्हतं, मला माहीत होतं. मी तोंड मिटून घेतलं.

तिनं दुसरी ओळ म्हटली, थांबली. तिसरी म्हटली, थांबली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. नणंद मागून म्हणाली, "अगं, दे की जवाब. दगड झाली का काय?" नवरा मांडवाच्या कडेला उभा, त्यानं मान खाली घातली. मी लेकीच्या कानात म्हणाले, "येऊन नाही राहिलं, बाई."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं मला तसंच धरून ठेवलं आणि मोठ्यानं सूर लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझ्या याडीचं मन आजारी हाये, तिला बोल लावू नका. ती गोळी खाते, तिला विचारत जा. ती खोटं रडली न्हाई, तिनं माझं ऐकलं. तिच्या वाटचं मी रडते.

आडवता तर कुणालाच येत नव्हतं. नवरी बोलून राहिली होती. नणंदेचा हात तोंडावर गेला. लेक माझ्या खांद्यावर रडली ते खरं होतं, माझी चोळी खांद्यापाशी भिजली, आणि मी तिची पाठ थोपटत राहिले. मग ती गाडीत बसली आणि गेली.

मांडवातली भांडी आवरताना नणंद माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ परात घासत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "तुला गोळ्या देणारा तो डॉक्टर कोणत्या दिवशी बसतो गं?" मी सांगितलं. काहून, ते विचारलं नाही. म्हणाले, मी येते संगं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. पोचले, सगळे चांगले हायेत, गोळी घेतली का. मग म्हणाली, "याडी, माझ्या पहिल्या ओळीला तुझा जवाब आला होता ना? तुझा गळा हलला होता, मला कळलं. काय होता?"

"आता सांगत न्हाई," मी म्हणाले.

"मग कवा?"

"खरा होईल तवा."

"मी वाट बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. ओळ माझ्याकडं आहे. रोज सकाळी अंगणवाडीचं कुलूप काढताना मी ती एकदा हळूच म्हणून बघते. अजून ती नुसती ओळच आहे.