मिंडाचा ऑफ

लुझविमिंडाला, म्हणजे मिंडाला, सिंगापुरात क्वेकांच्या घरी कामाला लागून नऊ वर्षं झाली होती. त्या घरात तिच्याइतकाच राबणारा आणखी एक जण होता, तो म्हणजे एक इंग्रजी शब्द. ऑफ. पंखा ऑफ कर. गॅस ऑफ केलास का? दूध ऑफ झालंय, ओतून दे. बूट ऑफ, मगच घरात पाय. घरमालकीण मॅडमच्या सासूला, चौऱ्याऐंशीच्या आह-माला, म्हणजे आजीला, इंग्रजी म्हणून तेवढंच येत होतं आणि त्यावर तिचं छान भागायचं. टीव्हीला ऑफ, आंबलेल्या भाताला ऑफ, आणि कधीच देवाघरी गेलेल्या नवऱ्यालाही ऑफ! बाकी सगळं ती होक्कियन या चिनी बोलीत बोलायची. ती भाषा मिंडा तिला आंघोळ घालता घालता शिकली होती.

मिंडा स्वतः मात्र या शब्दाचा एकच अर्थ मानायची, तो म्हणजे रविवार.

सिंगापुरात आल्यावर पहिल्या घरी दोन वर्षं तिला एकही ऑफ मिळाला नव्हता. "बाहेर गेलीस की बिघडशील," असं तिथली बया म्हणायची. जणू मिंडा म्हणजे फ्रीजबाहेर राहिलेली मासळी! तेव्हाच मिंडाने ठरवलं होतं, की यापुढे काय वाटेल ते होवो, रविवार सोडायचा नाही. रविवारी सकाळी चर्च, मग बागेतल्या झाडांखाली पुठ्ठे अंथरून फिलिपिन्समधल्या आपल्या इलोइलोकडच्या बायकांबरोबर जेवण, आणि मग भर दुपारी ताणून झोप. हाक मारायला कोणी नाही.

या जुलैत मॅडमच्या मुलीला मुलगा झाला आणि मिंडाचे तीन रविवार बाळंतपणात गेले. मग मॅडम म्हणाल्या, "याही रविवारी ऑफ नाही हं. बाळाचा महिना भरतोय. साठ पाहुणे येणार."

"तीन रविवार थांबले, मॅडम. या रविवारी मी जाणार."

"अगं, पण तू करतेस काय तिथे? पुठ्ठ्यावर लोळतेस! इथे एसी आहे."

"तेच करते. लोळते."

"मग सोमवारी लोळ."

"सोमवारी माझं कोण असतं तिथे?"

मॅडमचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "पुढच्या महिन्यात तुझा करार संपतोय. आहे ना लक्षात?"

लक्षात नसायला काय झालं? मिंडाची मुलगी गावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिकडचं घर मिंडाच्याच जिवावर चालत होतं. पण शनिवारी तिने त्यांच्या रीतीप्रमाणे बाळाच्या महिन्याची सगळी अंडी लाल रंगवली, चिकट भात शिजवून ठेवला, ताटल्या पुसून रचल्या. आणि रविवारी सकाळी स्वतःची बॅग भरून दाराशी आणून उभी केली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"मला परत पाठवायचं ठरलं, तर तुम्हाला आवराआवर नको," मिंडा म्हणाली आणि निघाली.

बागेत तिच्या मैत्रिणीने, चारितोने, कपाळावर हात मारला. "ताई, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. तो शेवयांचा डबा इकडे दे."

फोन तीनदा वाजला. तिने तो बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि आडवी झाली. झोप कसली येतेय! पण उठली नाही बाई. हट्टाने डोळे मिटून पडून राहिली, संध्याकाळपर्यंत.

परतली तेव्हा दाराशी बॅग नव्हती. स्वयंपाकघरात मॅडम केस सुटलेल्या, स्वतः भांडी घासत उभ्या होत्या.

"माझी बॅग?"

"विचार तुझ्या आह-माला," मॅडम फणकारल्या. "बॅग हलली तर जेवणार नाही म्हणे! साठ माणसांसमोर शोभा केली माझी."

आह-मा खोलीत खुर्चीवर बसली होती. बॅगेवर दोन्ही पाय ठेवून, डोळे बंद करून.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "कपडे काढून कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "आणि करारावर सही उद्या करू." माफी वगैरे काही नाही. मिंडानेही मागितली नाही.

पुढच्या रविवारी मिंडा निघायला आली, तर आह-मा दाराशी खुर्ची टाकून बसलेली. हातात जेडची बांगडी, मांडीवर पर्स, आणि चक्क घरात, पायात बूट.

"आई, कुठे निघालात?" मॅडम धावत आल्या.

"सतराव्या वर्षी तुमच्या घराण्यात आले," आह-मा होक्कियनमध्ये म्हणाली. "एक दिवस सोडला नाही मला कोणी." मग, पंखा बंद करायला सांगावा त्याच सुरात, तिने सुनेला सांगितलं, "ऑफ."

मिंडाने दाराआडून आपला पुठ्ठा काढला, आणि पाठोपाठ दुसरा.