काडेपेटीशिवाय आवळीभोजन

कार्तिकातला रविवार, रामटेकच्या अलीकडची आवळी. हजर आम्ही चौघं: मी, नवरा, नणंद आणि सासूबाई. रचलेल्या गोवऱ्या दिसल्या की तो दिवस आठवतो. कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजायचे, आवळीला नैवेद्य दाखवायचा आणि मगच सासूबाई उपास सोडणार, असं ठरलं होतं. सामान मी भरलं होतं, काडेपेटी मुद्दाम घरी ठेवून. टीव्हीवर जंगलात अडकलेला माणूस बॅटरी आणि केसासारख्या बारीक लोखंडी तारेच्या चोथ्यानं जाळ करतो, ते मला करून दाखवायचं होतं. पण माझी भांड्यांची जाड तारेची घासणी बॅटरीला कितीही टेकवली तरी पेटेना. "काहून वं वहिनी, टीव्हीत बी इतकाच टाईम लागते का?" नणंद हसली. नवरा काडेपेटी आणायला निघाला, त्याला मी दोनदा थांबवलं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "करू दे गा तिले. मले कुठं भूक लागून राहिली?" थोड्याच वेळात त्यांना बसल्या जागी घेरी आली. नणंदेनं गूळ भरवला. नैवेद्याआधीच उपास मोडला. सावरल्यावर त्यांनी आवळीकडे पाहून हात जोडले. आता त्यांचे गुडघे धरलेत. यंदाचा कार्तिकही संपत आला, आणि त्यांना आवळीखाली न्यायचं अजून राहिलंच आहे.